साराजेव्हो की बैरुत?

नाशिकच्या आमच्या कॉलेजात अभिरूप राष्ट्रपरिषद (मॉडेल यूएन, म्हणजे मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन वाद घालतात) भरवायची आहे. विषय ठरलाय राजकीय हत्येचा तपास. इथल्या मुलांना आधी आठवते ती २१ डिसेंबर १९०९ ची, विजयानंद नाट्यगृहातली कलेक्टर जॅक्सनची हत्या. पण तो खटला ब्रिटिशांच्याच कोर्टात चालला, दोन देश समोरासमोर आले नाहीत. म्हणून उरतात हे दोन पर्याय.

साराजेव्हो, २८ जून १९१४, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडची हत्या. नाट्य भरपूर. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली. सर्बियाने बरंच मान्य केलं, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी नकोत म्हणून सांगितलं. या एका कलमावर मुलं तासभर भांडतील. अडचण एवढीच, की पुढे महायुद्ध झालं हे सगळ्यांना पाठ असतं.

बैरुतचं तसं नाही. १४ फेब्रुवारी २००५ ला लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी स्फोटात मारले गेले. सुरक्षा परिषदेने ठराव १५९५ करून आंतरराष्ट्रीय तपास आयोग नेमला, तर ठराव १६३६ ने सीरियाला सहकार्य करायला बजावलं. २००७ मध्ये विशेष न्यायाधिकरणाचा ठराव १० मतांनी संमत झाला आणि ५ देश तटस्थ राहिले. चीन, रशिया नकाराधिकार न वापरता गप्प का बसले, हे प्रतिनिधी म्हणून बोलताना मुलांना स्वतः शोधावं लागेल. तयारीला वेळ जास्त लागतो, वाचनही किचकट. तरी माझं मत बैरुतलाच. पहिल्यांदाच भाग घेणाऱ्या अकरावीच्या मुलांना मात्र साराजेव्हो द्या.