टाकी फुल की इंजिन जड? साइडिंगसाठी डिझेल निवडताना

सिमेंट कारखान्याच्या साइडिंगसाठी (रेल्वेलाइनपासून कारखान्यात येणारा फाटा) जुनं रेल्वे इंजिन बघायला गेलं की दाखवणारा हमखास सांगतो, "टाकी फुल ठेवा साहेब, ओढ वाढते." खोटं नाही ते. पण किती वाढते, हे कोणी सांगत नाही.

गाडी सुटताना ओढ ठरते ती चाकांच्या रुळावरच्या पकडीवर, आणि पकड इंजिनाच्या वजनावर. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घ्या: वजन ११२.८ टन आणि कागदावरची ओढ ३०.४५ टन, म्हणजे बरोबर २७ टक्के. टाकी ५,००० लिटरची. लिटरला ८४० ग्रॅम धरा, भरलेल्या टाकीतलं डिझेल ४.२ टन होतं. ते सगळं संपलं तर ओढ १.१ टनाने उतरते. शंभरास एक चढावर टनामागे साधारण १४ किलो ओढ लागते (१० चढाची, उरलेली चाकं-बेअरिंगची). म्हणजे ओढता येणाऱ्या वजनात फरक पडला ८० टनांचा: एक भरलेली बॉक्सएन वाघीण (उघडा मालडबा). आणि टाकी तळाला जाईपर्यंत थांबतं कोण?

आता शेजारी डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंगचं डिझेल इंजिन उभं करा. हॉर्सपॉवर १,३५०, डब्ल्यूडीएम-२ च्या २,६०० पुढे जेमतेम निम्मी. पण वजन १२६ टन, त्यामुळे त्याच हिशेबाने ओढ ३४ टन. वरचे १३ टन म्हणजे तीन टाक्या डिझेल, आणि हे वजन संध्याकाळपर्यंत जळून जात नाही. जादा हॉर्सपॉवर कामाला येते वेग घेतल्यावर, आणि वजनकाट्यावरून माणसाच्या चालीने रेक (वाघिणींची माळ) सरकवताना वेग असतो कुठे?

मेख आहे ती रुळात. डब्ल्यूडीएस-६ चा एका आसावर २१ टन भार येतो, डब्ल्यूडीएम-२ चा १८.८. भरलेल्या बॉक्सएनचा २०.३ असतो, म्हणून "वाघिणी चालतात तर इंजिनही चालेल" असं गृहीत धरू नका. आधी ट्रॅक तपासून घ्या.

विजेच्या इंजिनात तर इंधनच नाही. डब्ल्यूएजी-९ या विजेच्या मालगाडी इंजिनाचं ९एच करताना १२३ टनांवर मुद्दाम भार चढवून १३२ केले, ते पकडीसाठीच. पण लोडर चालतो त्या धक्क्यावर डोक्यावर तार ओढता येत नाही, त्यामुळे तो पर्याय इथे बाद.

माझं मत: चढ आहे, भरलेला रेक आहे आणि ट्रॅक २१ टन झेपणारा आहे, तर डब्ल्यूडीएस-६. नाहीतर डब्ल्यूडीएम-२ घ्या आणि रेक तोडून दोन खेपांत आणा.

टाकीपेक्षा वाळूकडे बघा, पकडीसाठी चाकांपुढे रुळावर सोडतात तिच्याकडे. जुलैत सिमेंटची धूळ भिजून रुळावर साय धरते, पकड निम्म्यावर येते. चाकं जागच्या जागी गरगरतात आणि रेक तसूभर हलत नाही. इंजिन बघायला जाल तेव्हा वाळूच्या पेटीत हात घाला. ढेकळं लागली तर नळी खाली चोंदलेली असणार. सगळ्या नळ्यांतून वाळू रुळावर पडताना स्वतः बघा, मगच भावाचं बोला.