अॅटोरवास्टॅटिन २० ते रोसुवास्टॅटिन ५: सत्तरी ओलांडल्यावरचा अनुभव

रिपोर्टपुरतं बोलायचं तर तक्रारीला जागा नाही. अॅटोरवास्टॅटिन २० मिलिग्रॅम या कोलेस्टेरॉलच्या गोळीने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६५ वरून ९४ वर आणलं. तक्रार मांड्यांची. काही महिन्यांनी दोन्ही मांड्या भरून यायला लागल्या. खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठवेना. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता वय झालं." गोळी सुरू करायच्या आधी काय मी पंचविशीत होते?

मग खोक्यातला कागद उलगडला. घडीवर घडी आणि अक्षरं मुंगीएवढी. माझ्यासारख्या मोतीबिंदूवालीने हे वाचावं कसं? गोळीपेक्षा मला या कागदाचा राग जास्त आहे, कारण कामाचं सगळं तिथेच दडवलेलं. सत्तरीपुढे किंवा थायरॉइड कमी असेल तर स्नायूंना जपा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्याने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. भिंग घेऊन वाचलं, मग पुन्हा डॉक्टरांकडे.

सीपीके, म्हणजे स्नायूंची रक्ततपासणी, नॉर्मल; थायरॉइडची टीएसएचही नॉर्मल. त्यांनी गोळी काही आठवडे थांबवली आणि मांड्या मोकळ्या झाल्या. तेव्हा लिहिलं असतं तर एकही तारा दिला नसता.

पण गोळी बंद असतानाही उजवा गुडघा कुरकुरतच राहिला. म्हणजे त्याचं दुखणं त्याचं स्वतःचं. २०२० च्या सॅमसन अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन (माझ्या गोळीच्याच जातीचं औषध) सोडलेल्या ६० जणांना कधी स्टॅटिन, कधी खोटी (औषधच नसलेली) गोळी, कधी रिकामी बाटली असे महिने दिले होते. स्टॅटिनवर जाणवलेला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही जाणवला! वाचून आधी डोकं फिरलं. गुडघ्यापुरतं पटलं, मांड्यांचं मी अजूनही मानत नाही.

आता त्याच जातीची रोसुवास्टॅटिन ५ चालू आहे. एलडीएल १०२, उठताना हात टेकावे लागत नाहीत. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, किंचित वर गेलं. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, म्हणून लक्ष ठेवायचं.

परस्पर गोळी बंद करू नका, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी तर मुळीच नाही. स्नायू जबर दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण झालं तर किडनीवर बेततं.

रोसुवास्टॅटिनला चार तारे, एक साखरेपायी कापला. अॅटोरवास्टॅटिनची दीड पट्टी पडून आहे, फोडलेली पट्टी केमिस्ट परत घेत नाही.