जपानी सिगारेट-कार्डं जमवणार असाल तर आधी हे संग्रहालय बघा

जुनी जपानी सिगारेट-कार्डं, म्हणजे सिगारेटच्या पाकिटात मिळणारी छोटी छापील चित्रं, जमवायची असतील, तर पहिले शंभर येन लिलावात घालू नका. तोक्योच्या सुमिदा भागातल्या तंबाखू आणि मीठ संग्रहालयाच्या तिकिटावर घाला. कायमच्या दालनांसाठी मोठ्यांचं तिकीट तेवढंच आहे. माझी हयात ऑफसेट छपाईत गेली, त्यामुळे कार्डावरच्या बाईच्या चेहऱ्याआधी तिच्या गालावरची शाई मला दिसते. या नजरेला इथे जे मिळालं, ते कुठल्या कॅटलॉगात मिळालं नव्हतं.

तंबाखूचं दालन तिसऱ्या मजल्यावर आहे. सुरुवातीला मेक्सिकोतल्या पालेंकेच्या माया मंदिरातल्या धूर सोडणाऱ्या देवाच्या शिल्पाची प्रतिकृती, मग एदो काळातलं (1603 ते 1868) तंबाखूचं दुकान, आणि किसेरू, म्हणजे लांब दांडीचे पाइप, ओळीने मांडलेले. सगळं सुंदर आहे. पण कार्डवाल्याने खरा वेळ राखून ठेवावा तो मेइजी काळासाठी, म्हणजे 1868 ते 1912 साठी.

क्योतोच्या मुराई किचिबेईंनी 1891 मध्ये ‘सनराइज’ आणि 1894 मध्ये ‘हिरो’ सिगारेट बाजारात आणली. ‘हिरो’त अमेरिकी पान, नाव इंग्रजी, आणि पाकिटात चित्रांची कार्डं. त्यांचे प्रतिस्पर्धी तोक्योत गिन्झाला, इवाया मात्सुहेई. त्यांची ‘तेंगू’ सिगारेट देशी पानाची, दुकान लालभडक, अंगावरचे कपडेही लाल, आणि आपण सरकारला किती कर भरतो हे जाहिरातीत अभिमानाने छापलेलं. दोघांची पोस्टरं आणि पाकिटं एकाच ठिकाणी बघितली की कार्ड हा सुटा कागद राहत नाही. त्या झुंजीतला तो एक डाव होता हे लक्षात येतं. मुराईंच्या कितीतरी कार्डांवर अमेरिकी कार्डांची चित्रं जशीच्या तशी उतरवलेली असतात. काही जण त्यामुळे ती कमी प्रतीची मानतात. मला ते अजिबात पटत नाही. तेव्हा छपाई दगडावरून व्हायची, तिला शिळाछाप म्हणतात. दुसऱ्याचं चित्र स्वतःच्या दगडावर उतरवून, एकेक रंग वेगळा काढून पुन्हा जुळवणं हे फार अवघड काम आहे, आणि ते त्यांनी साधलं. पुढे मुराईंनी क्योतोत परदेशी यंत्रं आणून स्वतःचा छापखानाच उभारला.

या भेटीचा खरा फायदा नजर तयार होण्यात आहे. त्या काळच्या शिळाछापाचा गुलाबी, हिरवा, सोनेरी रंग एकदा डोळ्यांत बसला की बाजारातली नवी नक्कल लगेच खटकते. नंतर घरी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या शिळाछापात ठिपके हाताने टाकलेले, लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला. आजच्या फोर-कलर, म्हणजे चार शाईंच्या छपाईत ठिपक्यांची ठरावीक अंतराची जाळी असते, तिच्यात बारीक फुलांसारखी नक्षी दिसते. जाळी दिसली की कार्ड खाली ठेवा, विकणारा काहीही सांगो. कडाही बघा. डाग किंवा झिजलेले कोपरे लपवायला कडा कापून सरळ केलेली कार्डं मी घेत नाही. कोपरे गोलसर झालेलं, थोडं पिवळलेलं पण पूर्ण कार्ड मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं.

हा काळ फार थोडा टिकला. रशियाशी युद्ध सुरू झालं, पैसा हवा होता, आणि 1904 मध्ये सरकारने सिगारेट बनवण्याची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. मुराई आणि इवाया दोघांचेही कारखाने गेले. ‘हिरो’ची कार्डं एवढी तुटपुंजी का सापडतात, ते यावरून कळेल. म्हणूनच पूर्ण संच मिळवण्यामागे लागू नये असं माझं मत आहे. एखादा विषय धरावा. मी नर्तकींची कार्डं धरली आहेत.

सोबतच्या माणसाला कार्डांत रस नसेल तर त्याला मिठाच्या दालनात सोडा. पोलंडच्या खाणीतला टनभराहून जड मिठाचा खडक तिथे ठेवला आहे, त्याच्यापुढे माणसं बराच वेळ रेंगाळतात. संग्रहालय 1978 पासून शिबुयात होतं, 2015 मध्ये इथे आलं. जुन्या मार्गदर्शिकेतला पत्ता वापरू नका. स्कायट्री या तोक्योतल्या उंच मनोऱ्यापासून चालत जाता येतं. क्योतोला जाणार असाल तर मारुयामा बागेतलं चोराकुकानही बघा. मुराईंनी 1909 मध्ये बांधलेला तो बंगला आता हॉटेल आहे, आणि तिथे नुसता चहा घ्यायलाही बसता येतं.

संग्रहालय सोमवारी बंद असतं.