ब्लॅकपिंकची तिकिटं, ४३,५०० रुपये आणि माझा शहाणपणा

आधीच सांगते, "तू कशी काय फसलीस गं" असं विचारायचं असेल तर रांगेत उभं राहा, पुढं आई आहे, बाबा आहेत, ऑफिसातले सर आहेत, मग तुमचा नंबर. मी सोलापुरात नवी पेठेत एका सीएकडं कामाला आहे, दिवसभर लोकांची बिलं तपासते, खोटं बिल तर मला लांबनं कळतं. आणि तरी गेले माझे ४३,५००. लाज वाटत्ये म्हणून तीन महिने आपणहून बाहेर कुणाला बोलले नाही, पण पुढं असेच शो लागणार आणि अशाच पोरी तिकिटं शोधणार, म्हणून लिहिते.

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी ब्लिंक. ब्लिंक म्हणजे ब्लॅकपिंकच्या फॅन, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कोरियन पॉप गाण्यांचा ग्रुप, चार पोरी, जिसू, जेनी, रोझे आणि लिसा, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ग्रुप आला आणि अजून एकदाही भारतात शो केलेला नाही. सोलापुरात आम्ही मोठ्यानं गाणं ऐकायचं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याजवळच्या स्पीकरवर, तेही कुणी चुकून लावलं तर. त्यामुळं २०२५ ची डेडलाइन टूर जाहीर झाली, जुलैत कोरियात गोयांगला सुरू झाली, आणि बँकॉकच्या तारखा बघितल्या २४, २५, २६ ऑक्टोबर, तेव्हा धाकटी उड्याच मारायला लागली. का, तर भाऊबीज २३ ला. ओवाळायचं, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबई, तिथनं विमान. थायलंडला तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, आणि लिसा तिथलीच, म्हणजे घरचा शो. देवानंच तारखा जुळवल्यात असं वाटलं की ओ.

ऑनलाइन विक्रीच्या दिवशी दोन लॅपटॉप, तीन मोबाइल घेऊन बसलो आणि बरोब्बर त्याच वेळेला लाइट गेली. हॉटस्पॉटवर परत घुसलो तर पुढं इतकी रांग की नंबर वाचताना बोट ठेवून शून्य मोजले. नाही मिळाली.

मग टेलिग्रामवरचा एक फॅन ग्रुप. तिथं एक मुलगी (म्हणजे मुलगी असं तीच म्हणत होती, अजूनही मला खरं माहीत नाही) म्हणाली, माझ्याकडं २५ तारखेची दोन जादा आहेत, मैत्रिणींचं रद्द झालं, लागली त्याच किमतीला देते, ब्लॅक करत नाही मी, आपल्याच लोकांना कशाला लुटायचं. आता मी काय भोळी नाहीये. मी तिची परीक्षा घेतली! २०२३ ला जानेवारीत बँकॉकचा शो कुठं झाला विचारलं. बहुतेक लोक राजमंगला स्टेडियम म्हणतात, कारण मे महिन्यातला तिथं झाला होता, पण जानेवारीतला सुपाचलासाई स्टेडियमला होता. तिनं बरोबर सांगितलं, वर म्हणाली दोन्ही बघितलेत मी. हातोडीसारखी ती लाइटस्टिक असते ना आमची, शोत हलवायचा दिवा, तिचा फोटो टाकला, मागं पसारा पडलेली खोली. बायस कोण विचारलं, म्हणजे चौघींतली सगळ्यात आवडती. "जिसू, और कौन दीदी!" माझी पण जिसू. त्यानंतर तासभर आम्ही जिसूवरच बोलत बसलो, तिकिटाचा विषयच नाही. झोपताना मला वाटत होतं, चला, एक मैत्रीण मिळाली.

मी तपासलं काय, तर ती फॅन आहे का नाही ते. तिच्याकडं तिकीट आहे का नाही, हे तपासलंच नाही. सुपाचलासाई तर कुणीही गुगल करून सांगंल की, पन्नास सेकंदाचं काम आहे.

पैसे यूपीआयनं, ऑगस्टात. आधी १०,००० टोकन, मग २९,०००. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी पुरुषाचं, आडनाव पण वेगळं. विचारलं तर "भाई का अकाउंट है दीदी, मेरा लिमिट हो गया". ऑफिसात एखाद्या पार्टीनं बिल एका नावानं आणि पेमेंट दुसऱ्याच खात्यात मागितलं असतं तर मी सरांना विचारल्याशिवाय एक रुपया सोडला नसता. इथं सोडला. तिथं माझं बोट थांबलं होतं, खरंच थांबलं होतं, आणि मी त्याला पुढं ढकललं. तुमचं बोट थांबलं तर थांबू द्या, एवढंच म्हणणं आहे.

तिनं पीडीएफ पाठवली. छान होती. दोन्ही तिकिटं, रांग १४, सीट २२ आणि २३, क्यूआर, खाली थाई अक्षरात काहीतरी. प्रिंट काढून देवापुढं ठेवली आईनं, हसू नका. बाबा चादरीच्या धंद्यात आयुष्य घालवलेले, पानिपतची चादर सोलापुरी म्हणून पुढं टाकली तर डोळे मिटून नुसत्या काठावरनं बोट फिरवून सांगतील. त्यांनी तो कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "ह्याच्यात हाताला लागण्यासारखं काय आहे गं?" मी म्हटलं बाबा आता सगळं डिजिटल असतं. गप्प बसले बिचारे.

ऑक्टोबरात, निघायला दहा दिवस असताना मेसेज, की तिकिटावर नाव बदलून घ्यायला लागंल, नाहीतर गेटवर पासपोर्टशी जुळणार नाही, फी ४,५०० दोघींची. तोपर्यंत विमान, हॉटेल सगळं बुक, ऑफिसात रजा मंजूर. आता ४,५०० साठी कुठं अडायचं? भरले. हे त्यांना पक्कं माहीत असतं, शेवटच्या आठवड्यात माणूस नाही म्हणत नाही. त्यानंतर तिचा मेसेज आला "एन्जॉय दीदी, जिसू को मेरा हाय बोलना". हे वाक्य मला अजून आठवलं की डोकं फिरतं.

बँकॉकला पोचलो २४ ला. २५ ला सकाळी उठलो तर टीव्हीवर सगळीकडं एकच बातमी, तिथल्या राजमाता सिरिकिट आदल्या रात्री वारल्या. शो होणार होता पण लोकांनी काळे कपडे घालून यावं असं आयोजकांनी सांगितलेलं. आमचे दिवाळीत शिवून घेतलेले गुलाबी कुर्ते बॅगेतच राहिले, रस्त्यावरनं दोन काळे टीशर्ट घेतले, धाकटीचा दोन साइज मोठा. राजमंगलाला उतरलो तर काळ्या कपड्यातली हजारो माणसं शांतपणे रांगेत. इतकी गर्दी आणि गोंगाट नाही, हे मी आपल्याकडं कधी बघितलं नव्हतं.

गेटवरच्या मुलीनं मोबाइल मशीनखाली धरला. लाल दिवा, बारीक टूं असा आवाज. परत धरला. लाल. तिनं सीटचा नंबर बघितला, शेजारच्या माणसाला दाखवला, तो आम्हाला हातानं बाजूला घ्यायला लागला, अगदी नम्रपणे, हसून. ते हसणंच जास्त लागलं. बाजूच्या टेबलावर बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, असं बुकिंगच नाही. धाकटी म्हणत होती "ताई प्रिंट दाखव की, प्रिंट दाखव", मी दाखवली, आईनं कुंकू लावलेला कागद. त्याच टेबलापाशी फिलिपिन्सच्या दोन पोरी रडत उभ्या. त्यांच्या मोबाइलवर पीडीएफ. रांग १४, सीट २२ आणि २३.

बाहेर तिकिटं विकणारे फिरत होते, आम्ही त्यांच्याकडं बघितलं पण नाही, एवढी अक्कल आली होती तोवर. चौघी फुटपाथवर बसलो. आतनं आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता बेस, आणि मधेच सगळे ओरडायचे तेव्हा कळायचं की लिसा पुढं आली असणार. पर्समध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती, वाटेत लागंल म्हणून आईनं दिलेली. त्या फिलिपिन्सच्या पोरींना दिली. चटणीनं एकीच्या डोळ्यात पाणी आलं, आधीच्या पाण्यात भर.

तिथनंच तक्रार करायला पाहिजे होती, मी केली नाही, २८ ला सोलापुरात आल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तोवर ऑगस्टमधल्या पैशांचा काय उपयोग. सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयचे बारा आकडी यूटीआर नंबर (म्हणजे व्यवहाराचे नंबर), चॅट, पीडीएफ सगळं जोडलं. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही, हे सांगायला पाहिजे. त्यांनी सांगितलं ते असं, पैसे गेल्या गेल्या पहिल्या काही तासात फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, नंतर ती चार खात्यांत फिरून एटीएममधनं निघून जाते. ज्याच्या खात्यात मी पाठवले तो एक कॉलेजचा पोरगा निघाला, त्यानं खातं महिन्याच्या भाड्यानं दिलेलं. खात्यात शिल्लक ३१२ रुपये.

आता कुणी विचारलं तर मी म्हणते, पीडीएफ आणि फोटो ह्याला काडीची किंमत देऊ नका, एक फाइल पन्नास जणांना जाते. समोरच्याला व्हिडिओ कॉलवर त्याचं तिकिटाचं खातं उघडायला सांगा, तुमच्यासमोर लॉगिन करून, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. खात्याचं नाव आणि माणसाचं नाव वेगळं असंल तर तिथंच विषय संपवा. ज्यांची तिकिटं कंपनीच्याच साइटवर परत विकता येतात तिथनंच घ्या, महाग पडलं तरी. आणि मुख्य म्हणजे तिकीट हातात असल्याशिवाय विमान बुक करू नका, आमचं सगळं तिथंच अडकलं.

बाबा काही बोलले नाहीत. एकदाच, जेवताना, "चादर घेताना वरची घडी बघायची नसते, गठ्ठा फोडायचा असतो" असं आमटीकडं बघत म्हणाले, आणि आईनं त्यांना डोळ्यानं गप्प केलं.

परवा जानेवारीत ग्रुपमधली अक्कलकोटची एक पोरगी, बारावीतली, मला पर्सनलवर आली. दीदी, हाँगकाँगची तिकिटं मिळतायत, २४ तारखेची, ही मुलगी ओळखीची आहे का, चांगली वाटत्ये. स्क्रीनशॉट पाठवले. नाव वेगळं, नंबर वेगळा. लाइटस्टिकचा फोटो तोच, मागं तीच पसारा पडलेली खोली. वर स्क्रोल केलं तर ह्या पोरीनं पण विचारलं होतं, बायस कोण. "रोझे, और कौन दीदी!"

पोरीच्या डीपीला रोझेचा फोटो. माझ्या डीपीला तेव्हा जिसू होती.

मी विचारलं, पैसे दिलेस का. म्हणाली, ५,००० टोकन, अर्ध्या तासापूर्वी, मम्मीच्या फोनवरनं. म्हटलं माझ्याशी नंतर बोल, आत्ताच्या आत्ता १९३० लाव.