घरच्या नेटवर्कवरचं संगीत: आवाज नेमका कुठं सुधारला? (दिवाळीपासूनच्या वापरानंतर)

दिवाळीपासून आमच्या अंबाजोगाईच्या घरात गाणं नेटवर्कवरून वाजतंय. उन्हाळा सरला, मृगाचा पाऊसही पडून गेला. थंडी, ऊन आणि विजांचे दिवस अशा तिन्ही हवामानांत ही व्यवस्था वापरून झाली, म्हणून आता सविस्तर लिहितो. आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेकांचं लक्ष राउटर, स्विच आणि महागड्या लॅन केबलीकडं जातं. माझा अनुभव असा, की नेटवर्कनं फक्त तुटू नये, त्याचं काम तिथं संपतं. खरा फरक पडतो तो घरातल्या विजेमुळं, खोलीमुळं आणि स्पीकर कुठं ठेवलेत त्यामुळं.

व्यवस्था साधी आहे. पुढच्या स्लॅबच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप, त्यात सगळी गाणी आणि ती नेटवर्कवरून दुसऱ्या खोल्यांत पाठवणारं सॉफ्टवेअर, लिरियन म्युझिक सर्व्हर. जुन्या लोकांना हेच सॉफ्टवेअर लॉजिटेक मीडिया सर्व्हर या नावानं आठवेल. स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेअर यावर चालायचे. कंपनीनं ते २०१२ मध्ये बंद केले, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त असल्यानं लोकांनी ते जिवंत ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याला नवं नाव मिळालं. मागच्या माळवदाच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, पुढं त्याला नुसतं पाय म्हणतो. त्यावर पीसीएम५१२२ चिपचा छोटा डॅक बोर्ड (डिजिटल फाईलीचा अ‍ॅम्प्लिफायरला चालणारा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा), तिथून आरसीए केबलनं स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. डॅक बोर्ड घ्याच. पाय ४ च्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज कामचलाऊ असतो, तंबोरा लावला की मागची फुसफुस लगेच कळते. पाय ५ ला तर ते भोकही ठेवलेलं नाही.

पायवर पायकोअरप्लेअर हे गाणं वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलंय, आणि आपल्या भागासाठी यासारखं दुसरं काही मला दिसलं नाही. हे सॉफ्टवेअर सुरू होताना सगळंच्या सगळं रॅममध्ये चढतं, नंतर मेमरी कार्डावर काही लिहीत बसत नाही. त्यामुळं लाईट गेली, परत आली, पुन्हा गेली तरी कार्ड खराब होत नाही. जूनमध्ये बालाघाटावर विजा कडाडायला लागल्या की मी सरळ प्लग उपटतो, बंद करायची रीतसर पद्धत वगैरे पाळत नाही. आजवर एकदाही कार्ड नव्यानं लिहावं लागलेलं नाही. डेस्कटॉपला मात्र छोटा यूपीएस हवाच, त्यातल्या हार्ड डिस्कला हा खेळ चालत नाही.

आता नेटवर्क. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. कॉम्प्रेस न करता त्याला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, फ्लॅक फाईल (दर्जा न घालवता आकार कमी करणारी) केली की त्याहूनही कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ घेतलं तरी साधारण ९.२ मेगाबिट. आजच्या कुठल्याही वायफायला हा भार काहीच नाही. अडचण भिंतींची आहे. माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, दगड आणि मातीची. पुढच्या खोलीत पूर्ण रेघा दाखवणारा वायफाय मागं पोचेपर्यंत एका रेघेवर येतो, ५ गिगाहर्ट्झचा तर पत्ताच नसतो. संध्याकाळी शेजारपाजारचे राउटर जागे झाले की आलाप मधेच तुटायचा. म्हणून केबल ओढली. कॅट ५ई, जी १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेगानं चालते. त्या दिवसापासून तुटणं बंद.

याच केबलीवरून पुढं जी शोधाशोध झाली, ती सविस्तर सांगायला हवी.

दुकानदारानं आधी 'भारीतली' म्हणून शील्डेड, म्हणजे तारांवर धातूचं आवरण असलेली केबल दिली होती, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर. हिवाळ्यात स्पीकरला कान लावला तर बारीकशी घूं ऐकू यायची, गाणं सुरू झालं की ती झाकून जायची. एप्रिल उजाडला तशी ती वाढत गेली. मे महिन्यात दुपारी दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत खोलीभर ५० हर्ट्झची गुणगुण. पायला जाणारी लॅन केबल उपसली की आवाज गप्प, लावली की परत हजर. कारण असं: पुढच्या खोलीचं अर्थिंग वेगळं, मागच्या जुन्या घराचं वेगळं. डेस्कटॉपची बॉडी एका अर्थला, अ‍ॅम्प्लिफायरची दुसऱ्या. शील्डेड केबलीच्या आवरणानं ती दोन्ही टोकं जोडली गेली आणि दोन अर्थमध्ये जो काही व्होल्टेजचा फरक होता तो केबलीच्या आवरणातून, पायमधून, आरसीएच्या ग्राउंडमधून वाहायला लागला. उन्हाळ्यात तो वाढायचं कारण पायाखाली आहे. आपली काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते. ओल गेली की मातीचा विद्युतरोध चढतो आणि जुन्या खड्ड्याचं अर्थिंग नावापुरतं उरतं.

उपाय दोन केले. पहिला, शील्डेड केबल काढून धातूचं आवरण नसलेली साधी यूटीपी लावली. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळं यूटीपीनं जोडलेली दोन यंत्रं विजेच्या दृष्टीनं एकमेकांपासून अलग राहतात. घरगुती संगीतासाठी हीच केबल योग्य, आणि ती स्वस्तही आहे. घूं त्याच मिनिटाला थांबली. तरी मल्टिमीटरनं दोन खोल्यांच्या अर्थमध्ये जो फरक दाखवला तो बघून स्वस्थ बसवेना, कारण तो प्रश्न आता गाण्याचा राहिला नव्हता, घरातल्या माणसांच्या सुरक्षेचा होता. वायरमनला बोलावून अंगणात नवा खड्डा घेतला, तांब्याची प्लेट, भोवती कोळसा-मिठाचे थर, वरून पाणी ओतायला पाईप, आणि दोन्ही खोल्या एकाच अर्थवर आणल्या. उन्हाळ्यात त्या पाईपात बादलीभर पाणी ओततो. एक कळकळीनं सांगतो: घूं घालवायला काही जण अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकतात. आवाज थांबतोही, पण बॉडीत करंट उतरला तर तो जायला वाट तुमच्या हाताचीच उरते. असं कधीही करू नका.

इन्व्हर्टरचंही असंच. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो, तसाच अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही. चौकोनी लहरीत ५० च्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम पटीतले सूर येतात, आणि ते माणसाच्या गळ्याच्या पट्टीतच पडतात. जुनी बॅटरी संपली तेव्हा साईन वेव्ह इन्व्हर्टर घेतला. आता लाईट गेल्याचं गाण्यात कळत नाही.

खोली हा सगळ्यात मोठा विषय, आणि याला पैसे सगळ्यात कमी लागले. मागची खोली १४ बाय १० फुटांची, वर लाकडी तुळया आणि मातीचं छत, खाली शहाबादी फरशी. असं छत आवाजाला चांगलं. स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवली की ती झणझणत राहते, इथं वर जाणारा आवाज बराचसा जिरतो. पण समोरासमोरच्या दोन लांब भिंती गिलावा केलेल्या, गुळगुळीत. त्यांच्यामध्ये आवाज उड्या मारायचा आणि गाणाऱ्याच्या तोंडातले 'स', 'श' टोचायचे. स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर जिथून आवाज पहिल्यांदा परततो तिथं आजीच्या हातची जाड वाकळ दुमडून टांगली, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून. ते अंतर महत्त्वाचं आहे, भिंतीला चिकटवली तर ती फक्त अगदी वरचे सूर खाते. टोचणं गेलं.

खालच्या सुरांना वाकळ काहीच करत नाही. दहा फुटी रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, ११२ ला, खोली स्वतःच घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हा हिशेब कुणालाही करता येईल: वेगाला खोलीच्या लांबी-रुंदीच्या दुपटीनं भागायचं. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या दोन जाड गाद्या कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या. त्यांनी वरचा घुमार बराच कमी केला, ५६ चा मात्र जवळजवळ तसाच राहिला. तेव्हा ओळखीच्या साऊंडवाल्याकडून मोजणीचा माईक आणला, आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरनं खोली मोजली आणि पायवरच कॅमिलाडीएसपी (ठरावीक सूर कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) बसवून त्या एका ठिकाणचा उंचवटा छाटला. छाटायचं ते फक्त उंचवटे. आलेखात खोल खड्डा दिसला म्हणून तिथं आवाज वाढवू नका, तो खड्डा परतीच्या लाटेनं खाल्लेला असतो, कितीही वाढवलं तरी भरत नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येतो.

हे झाल्यावर भजनी मंडळात आयुष्यभर तबला वाजवलेले आमचे काका ऐकायला बसले. भैरवी संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी नुसता दणका यायचा रे. आता डग्ग्यावर तळवा घासलेला कळायलाय." माझ्यासाठी ती मोजणी माईकच्या मोजणीइतकीच खरी आहे.

स्पीकरच्या जागेबद्दल थोडं, कारण यावरचे बाहेरचे सल्ले सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. आमच्याकडं बैठक खाली गादीवर. मांडी घालून बसलं की कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतो. बाजारात मिळणाऱ्या स्टँडवर स्पीकर ठेवला तर वरचा छोटा स्पीकर डोक्यावरून बोलतो आणि आवाज निस्तेज वाटतो. मी शहाबादीचे तुकडे रचून बुटके ओटे केले, वर रबराचे तुकडे. जुन्या घरात स्पीकर कोनाड्यात ठेवायचा मोह फार होतो, दिसायलाही छान. तिथं तो पेटीत कोंडल्यासारखा घुमतो. भिंतीपासून दोन फूट पुढं घ्या, दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर सारखं ठेवा. आमच्या अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात पुढं बसून दोन तंबोरे ऐकलेला माणूस घरी आल्यावर जे शोधतो, ते यातून बरंच सापडतं: गाणारा मधोमध, तंबोरे मागं डावी-उजवीकडं.

फाईलींचा दर्जा तर हवाच. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये पहिला बळी जातो तो टाळ-झांजेचा. घरच्या सीड्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरनं फ्लॅकमध्ये उतरवल्या. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्ये असतात, त्यामुळं गायक, राग, संत अशी सगळी नावं देवनागरीत लिहिली आणि फोनवरून देवनागरीतच शोधतो. कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत. आवाजाचं बटण पायमध्ये पूर्ण ठेवून अ‍ॅम्प्लिफायरवरच कमीजास्त करतो.

पाय आधी लाकडी कपाटात होता. एप्रिलात बाहेर चाळिशी ओलांडली की आत त्याचं तापमान सत्तरीच्या पुढं जायला लागलं. ८० अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो. नुसतं गाणं वाजवायला त्याला फारशी ताकद लागत नाही, पण अ‍ॅडॅप्टर आणि कार्ड दोघांनाही ती ऊब सोसत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये घालून उघड्यावर ठेवला, मे निभावला. अ‍ॅडॅप्टर पायचा अधिकृतच घ्या. मोबाईलचा चार्जर लावला तर व्होल्टेज पडतं आणि पाय आपोआप रीस्टार्ट होत राहतो.

स्वयंपाकघर नव्या भागात असल्यानं तिथं पाय झीरो २ डब्ल्यू वायफायवर नीट चालतो. सकाळी आई अभंग लावते तेव्हा दोन्ही खोल्या एकत्र जोडतो. सर्व्हर दोन्हीकडचा आवाज इतका जुळवून देतो की दारात उभं राहिलं तरी प्रतिध्वनी ऐकू येत नाही. आईला फोनमधल्या याद्या नको वाटतात, म्हणून तिच्यासाठी एकच आवडीची यादी पहिल्या पानावर ठेवली आहे.

तक्रारी आहेत. सर्व्हरचं पान जुनाट दिसतं, मटेरियल नावाची स्किन टाकल्याशिवाय घरातलं दुसरं कुणी हात लावणार नाही. पैसे भरून ऐकायच्या ऑनलाईन सेवा प्लगइनवर अवलंबून आहेत, सेवेनं काही बदललं की प्लगइन सुधारेपर्यंत थांबावं लागतं. मी स्वतःचा संग्रहच जास्त ऐकतो म्हणून मला चाललं. ज्यांचं सगळं ऐकणं ऑनलाईनच आहे त्यांनी हा विचार आधी करावा.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पाय आणि डॅक घेण्याआधी वायरमनकडून अर्थ-न्यूट्रल आणि दोन खोल्यांतल्या अर्थमधला फरक मोजून घ्या, तोही शक्यतो मे महिन्यात, माती पूर्ण वाळलेली असताना. पावसाळ्यात मोजलं तर सगळं ठीकच दिसेल.