क्युबेक–लेव्ही फेरीबोट: थोडक्या खर्चातले नगरदर्शन

रायबंदर–चोडण फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे कॅनडातल्या क्युबेक शहरातून सेंट लॉरेन्स नदीपलीकडच्या लेव्हीला जाण्याचे तिकीट काढताना आम्हां गोवेकरांचा हात किंचित आखडला. परंतु परतीच्या फेरीत पुढच्या बाजूला उभे राहिल्यास कड्यावरचे १८९३ सालचे शातो फ्रोंतनाक हॉटेल आणि त्याच्या पायथ्याशी, जिथे १६०८ मध्ये फ्रेंच शोधक शांप्लेनने वसाहत उभारली, ती जुनी वस्ती एका नजरेत सामावते. त्यासाठी वेगळ्या पर्यटन-नौकेवर खर्च करावा असे मला वाटत नाही. वरच्या गावात नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर तारेने ओढली जाणारी गाडी, आहे, पण आम्ही जिनाच चढलो. फलक बहुतांशी फ्रेंचमध्ये असल्याने पणजीत शिकलेले जुजबी फ्रेंच मात्र उपयोगी पडले.