चांदीची खड्याची अंगठी: पत्रा-तारेतून घडवायची की मेणातून ओतायची?

नाशिकमध्ये राहून चांदीच्या खड्याच्या अंगठ्या स्वतः करायच्यात पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. शेवटी प्रश्न एकच असतो, पत्रा-तार घेऊन हाताने घडवायची का मेणात कोरून कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतायला, द्यायची. माझं मत आधीच सांगते, आधी खडा ठरवा, पद्धत मग आपोआप ठरते.

पत्रा-तारेचं काम म्हणजे सोनार पिढ्यानपिढ्या करत आलेत तेच. ऐरण, हातोडी, कानशी, बारीक करवत, चिमटे, छोटा गॅस टॉर्च, टाकणखार (बोरॅक्स) आणि झाळ (सांधे जोडायची, चांदीच्या आधी वितळणारी मिश्रधातू), सगळं एका टेबलावर मावतं. मापाचा हिशोबही सरळ आहे. आतला व्यास १७ मिमी हवाय आणि पट्टी दीड मिमी जाड आहे तर दोन्हीची बेरीज १८.५, गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ५८ मिमी पट्टी कापायची. जाडी न धरता नुसत्या १७ वर कापली तर अंगठी चक्क दीड मिमीने लहान होते आणि बोटात जातच नाही. ठोकून ठोकून चांदी कडक झाली की मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायची, नाहीतर ती चिरते.

खरी मजा झाळण्यात आहे. टाकणखार आधी फुगतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो आणि मग एका क्षणात झाळ चकाकत सांध्यातून धावते. ती नेहमी जास्त तापलेल्या बाजूला पळते, म्हणून आच पट्टीवर आणि कोंदणावर (खडा धरून ठेवणारी चांदीची पातळ कड) सारखी फिरवायची, फक्त पातळ कोंदणावर धरलीत तर सांधा जुळायच्या आधी कोंदणच वितळतं. झाळ घेताना कॅडमियम नसलेली मागा, कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना फार वाईट, आणि खिडकी उघडी ठेवा.

मेणाचं गणित वेगळं. कडक मेणात तुम्ही जाड, वळणदार, पानाफुलांचा आकार कोरू शकता, पत्र्यात त्याला किती जोड द्यावे लागले असते विचारू नका. मग ते मेण प्लास्टरमध्ये बसवून ७०० अंशांच्या वर भट्टीत जाळून टाकतात आणि त्या पोकळीत चांदी ओततात. ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग चांदी) पूर्ण वितळायलाच ८९० अंशांच्या पुढे जावं लागतं, त्यामुळे गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत हे जमणारं काम नाही, कास्टिंगवाल्याकडेच द्यायचं. आणि वजन बघा. मेण जवळपास पाण्याइतकं हलकं आणि ९२५ चांदी त्याच्या दहापट जड, म्हणजे २ ग्रॅमचं मेण दिलंत की २० ग्रॅमच्या वर अंगठी हातात येते. कोरताना नाजूक वाटलेली वस्तू बोटात दगडासारखी लागते. आतून पोखरून हलकी करायची ती मेणातच. शिवाय ओतल्यावर थोडी आकसते, म्हणून खड्याची जागा अगदी तंतोतंत ठेवू नका. पण एकदा रबरी साचा केला की तीच अंगठी हवी तितक्या वेळा निघते, हे हातकामात शक्यच नाही.

आता खडे. वरून फुगीर, खालून सपाट असा कॅबोशॉन असेल, म्हणजे अकीक, मूनस्टोन, फिरोजा, तर पत्रा-तार आणि बंद कोंदण, दुसरा विचार नको. कोंदणाची पट्टी चोख चांदीची घ्या, ती मऊ असते. दाबताना समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबा, एका टोकापासून गोल फिरत गेलात की शेवटी पट्टीला सुरकुती पडते. पैलूदार नीलम, पुष्कराज असेल तर खडा कडकपणाच्या मोह्स मोजपट्टीवर (१ ते १०) ९ इतका कडक, त्याची काळजी नाही, काळजी खडा पकडणाऱ्या चांदीच्या नख्यांची, त्या मऊ, रोजच्या वापरात झिजतात. इथे मला कास्टिंग बरं वाटतं, नख्या जाड ठेवता येतात.

पोवळं आणि मोती मात्र जपून. दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, ज्या आम्लात झाळकाम साफ करतो त्यात गेले की चमक संपली. तापवणं, धुणं सगळं उरकून खडा शेवटी. ज्योतिषाने सांगितलेली अंगठी असेल तर लोकांना खडा बोटाला टेकायला हवा असतो, तेव्हा तळ उघडा ठेवून आत फक्त कड द्या, ते दोन्ही पद्धतींत जमतं.

सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं म्युझियम बघून आलं की ॲपोफिलाईटची अंगठी करावीशी वाटतेच, इतका सुंदर दगड आहे तो. पण कडकपणा जेमतेम ५ आणि एका दिशेत तो सरळ थर सुटावा तसा फुटतो, कोंदण दाबतानाच जाईल. त्याचं पेंडंट करा. त्याच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये अकीकही सापडतो, ६.५ ते ७ कडक, पहिल्या अंगठीला याच्यासारखा खडा नाही.

अजून एक आपल्याकडची गोष्ट. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक वापरतात आणि गंधक लागलं की चांदी काळी पडते. बागेत काम करणाऱ्यासाठी करत असाल तर कोरीव कास्टिंगची अंगठी मुद्दाम ऑक्सिडाईज, म्हणजे काळपट, करून द्या, खाचांतला काळेपणा तिला शोभतो. साधी गुळगुळीत हातघडणीची अंगठी पुसत बसावी लागेल.

विकायचा विचार असेल तर झाळीत चांदी कमी असते हे लक्षात ठेवा, जोड जास्त झाले तर अख्ख्या अंगठीचा कस ९२५ च्या खाली येऊ शकतो, कास्टिंगमध्ये ही भानगड नाही. आणि आत नुसतं ९२५ ठोकलं म्हणजे हॉलमार्क झाला असं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही एचयूआयडी नंबर, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, आलाय, गिऱ्हाईक तो विचारणार.